संपतचे दोन विषय

संपत वायदंडे अकरा वर्षं अमेरिकेत राहिला आणि एवढ्या काळात परक्या माणसांशी त्याने फक्त दोन विषयांवर गप्पा मारल्या. एक, फॉलमधली, म्हणजे पानगळीच्या दिवसांतली, उदास हवा. दोन, वेल्समधले ब्रास बँड. तिसरा विषय त्याच्याकडे नव्हता. मी त्याला तिसरा, चौथा आणि पाचवा शिकवायला गेले. त्याचं काय झालं ते लिहून ठेवलेलं बरं, म्हणून लिहिते आहे.

आमचं ऑफिस स्टेट कॉलेज नावाच्या गावातलं. हॉस्पिटलांच्या अपॉइंटमेंट ठरवणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. मी प्रोजेक्ट सांभाळायची, संपत डेटाबेस सांभाळायचा. सकाळी साडेआठला मी किचनमध्ये कॉफी घ्यायला गेले की तो खिडकीपाशी उभा असायचा. उंच, अंगाने भरलेला, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावलेली. डाव्या हातात कप, आणि उजव्या हाताची तीन बोटं त्या कपावर कधी एकेक, कधी दोन-दोन मिळून आपटत असायची. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, हा काहीतरी मोजतो. माझी चाहूल लागली की वळून म्हणायचा, "ड्रिअरी ओल्ड डे, मॅडम."

ऊन असलं तर काही बोलायचा नाही. नुसती मान हलवायचा.

'ड्रिअरी' हा शब्द आपल्याकडची माणसं बोलताना वापरत नाहीत. मरगळलेला, ओलसर, उठूच नये असं वाटायला लावणारा दिवस, असा त्याचा साधारण अर्थ. आमच्याकडे असे दिवस पुष्कळ. पानांचे रंग बघायला लोक येतात ते आठ-दहा दिवस सोडले तर उरतो तो चिखल, धुकं आणि नोव्हेंबरात पाचलाच मिटणारा उजेड.

"मला मॅडम म्हणू नकोस, इथे कुणी कुणाला म्हणत नाही," असं मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"हो मॅडम," तो म्हणाला होता.

कामात तो फार चांगला होता, आणि ते कुणाला सांगायचा नाही. मीटिंगमध्ये त्याचा आवाज ऐकू आला तर समजायचं, काहीतरी मोडलं आहे. जेवायच्या सुट्टीत मुलं क्रिकेटवर, ग्रीन कार्डवर, घरांच्या किमतींवर तावातावाने बोलायची. हा डबा संपवायचा, धुवायचा, पुसायचा आणि जागेवर जाऊन बसायचा.

एकदा मुख्य ऑफिसमधून एक मोठे साहेब आले. किचनमध्ये संपत दिसला म्हणून त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, काय कसं काय. अशा वेळी 'मस्त' म्हणून बाजूला व्हायचं असतं. संपत म्हणाला, "ड्रिअरी ओल्ड डे." साहेब म्हणाले, खरंच. मग संपतने इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला वेल्श ब्रास बँड आवडतात का?"

साहेबांची मीटिंग दहा मिनिटं उशिरा सुरू झाली. त्या दहा मिनिटांत संपतने त्यांना सांगितलं की या बँडांत ट्रम्पेट नसतं, कॉर्नेट हे त्याचं आखूड भावंड असतं. की तिकडच्या दऱ्यांमध्ये प्रत्येक कोळशाच्या खाणीचा आपापला बँड असायचा, प्रत्येकाच्या कोटाचा रंग वेगळा. आणि छातीत कोळशाची धूळ बसलेली माणसं दिवसभर खणून संध्याकाळी येऊन फुंकायची. मी दारात उभी राहून ऐकत होते. त्याचं इंग्रजी एरवी अडखळायचं, त्या वेळी अडखळत नव्हतं. हातही हलत होते. त्याला हात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या वर्षी तेच साहेब फोनवर म्हणाले, तो तुमचा बँडवाला माणूस अजून आहे ना? मी गमतीने संपतला मराठीत सांगितलं, "साहेबांनी बँडवाल्याची आठवण काढली." त्याने कप सिंकमध्ये ठेवला आणि न धुता निघून गेला. एवढी वर्षं मी त्याच्याबरोबर काम केलं, त्याने कप न धुतलेला मी तेवढा एकदाच पाहिला. कारण विचारावंसं वाटलं, पण तेव्हा काम होतं.

वेल्स त्याच्या आयुष्यात आलं ते घरमालकामुळे. ग्विलिम नावाचा म्हातारा, तरुणपणी वेल्समधून आलेला, आता चौऱ्याऐंशीचा. त्याच्या घराचा वरचा मजला संपतने भाड्याने घेतला होता. पहिल्या फॉलमध्ये संपत एकटाच होता, बायको शोभा आणि मुलगी ईशा यायच्या होत्या. एका पावसाळी रविवारी हीटिंगच्या जाळीतून त्याला तळघरातला आवाज आला. युफोनियम. हे पितळेचं गुबगुबीत वाद्य, मांडीवर मूल घेऊन बसावं तसं घेऊन वाजवतात. आवाज खालचा, जाड. संपत जिना उतरून तळघराच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हाताऱ्याने वाजवणं थांबवलं, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाला, "ड्रिअरी ओल्ड डे, नाही का?"

तीन महिन्यांत कामाशिवाय त्याच्याशी कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य. संपतने ते तसंच उचललं आणि जपलं. या देशात त्याच्या पहिल्या गप्पा जमल्या त्या याच दोन विषयांवर, म्हणून पुढे तो सगळ्यांशी याच दोन विषयांवर बोलत राहिला. एक किल्ली चालली, तर माणूस सगळ्या कुलुपांना तीच लावून बघतो.

गणपतीला आमचं मंडळ एका शाळेचा हॉल भाड्याने घेतं. तिथे एका काकूंनी संपतला धरलं. काकू प्रेमळ आहेत, सगळ्यांना धरतात.

"वायदंडे म्हणजे कुठले हो?"

"मिरजेचे."

"तसं नाही, मूळचे कुठले? म्हणजे घरी काय असतं तुमच्याकडे?"

"वडील म्युझिक टीचर होते," संपत म्हणाला.

"अगं बाई, छान. पेटी का तबला?"

तेवढ्यात आरतीची हाक आली. नंतर विसर्जनाची मिरवणूक हॉलपासून पार्किंगपर्यंत निघाली. स्पीकरवर गाणी लावलेली. कुणीतरी म्हणालं, "खरा बँड पाहिजे होता यार, गावाकडं असतो तसा. तेवढं एक इथं मिळत नाही." संपत मोदकांचा खोका घेऊन माझ्या पुढे चालत होता. खोक्याच्या झाकणावर तीन बोटं हलत होती.

ती बोटं मला कळली ती पुढच्या ऑक्टोबरात. त्याची गाडी बिघडली होती आणि शनिवारी दुपारी त्याला एक तासावरच्या एका जुन्या खाणगावी पोहोचायचं होतं. मला त्या बाजूला काम होतं, म्हणून मी नेलं. खाणी केव्हाच बंद झालेल्या, दुकानांना फळ्या ठोकलेल्या, पाऊस चालू. एका चर्चच्या तळघरात चौदा माणसं अर्धवर्तुळात बसली होती, बरीचशी सत्तरीपुढची. ग्विलिम हातवारे करून त्यांना वाजवायला लावत होता. संपतने पेटीतून युफोनियम काढलं, मांडीवर घेतलं, आणि तीन बोटं तीन बटणांवर ठेवली. कपावर, खोक्यावर, टेबलाच्या कडेवर तो इतकी वर्षं हेच वाजवत होता.

मला संगीतातलं कळत नाही. एवढंच सांगते की मी काम तसंच टाकून दीड तास त्या थंड तळघरात बसून राहिले. खाणीत माणसं दगावली की वाजवायचं असं एक गाणं त्यांनी घेतलं. त्यात मधे सगळे थांबतात आणि युफोनियम एकटं जातं. संपत एकटा गेला. ऑफिसमध्ये कुणाच्या नजरेला नजर न देणारा माणूस चौदा जणांच्या मधे सरळ समोर बघून वाजवत होता.

परत येताना गाडीत तो आपणहून बोलला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"वडील टीचर नव्हते मॅडम. बँड होता त्यांचा. लग्नाचा."

मी म्हटलं, "बरं."

"अकरावीपर्यंत मी पण वाजवायचो. हेच, युफोनियम. लाल कोट, सोनेरी झालर, सगळ्यांना एकाच मापाचा. वरात दारात पोहोचवली की आमचं काम संपलं. जेवायला शेवटी, मागच्या अंगणात. एकदा वर्गातल्या मुलीच्या बहिणीचं लग्न निघालं. मला वाटलं, एवढं मोठं वाद्य तोंडासमोर आहे, कोण ओळखतंय. सोमवारी वर्गात शिरलो तर सगळ्यांनी तोंडाने बँड वाजवला."

वायपर चालू होते. तो त्यांच्याकडे बघत होता.

"वडील म्हणाले, आता तू यायचं नाही. आणि पुढे कॉलेजात जाशील तिथे काही सांगायचं नाही. कोट चुलतभावाला दिला. आणि इथे बघा, ईशाच्या शाळेत बँडमध्ये जायला परीक्षा द्यावी लागते. कोट घातला की आईबाप फोटो काढतात."

मी म्हटलं, "वळण पुढे आहे का मागे गेलं?" त्या दिवशी कप का धुतला नव्हता ते मात्र समजलं.

मग गेल्या सप्टेंबरात आमचा अर्धा मजला रिकामा झाला. व्हिडिओवर पंधरा मिनिटांची मीटिंग, आणि संपत त्या यादीत. मी राहिले. त्यात माझी हुशारी काही नाही, माझं काम दुसऱ्या गटाच्या खात्यात मोजलं जात होतं एवढंच. तो कोट हातावर घेऊन माझ्या टेबलापाशी आला. बाहेर लख्ख ऊन होतं.

"ड्रिअरी ओल्ड डे, मॅडम," तो म्हणाला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. संपतसारखा वर्क व्हिसावरचा माणूस नोकरीतून गेला की त्याला साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने त्याचे कागद दाखल केले तर तो राहतो. नाही तर बायको, मुलगी, सामान घेऊन निघायचं. मुलगी आठवीत असली तरी, ग्रीन कार्डच्या रांगेत आठ वर्षं उभा असला तरी. वकिलाने एक पळवाट सांगितली होती, टुरिस्ट म्हणून अर्ज करा, थोडा वेळ मिळेल. संपत म्हणाला, "पाहुणा म्हणून? अकरा वर्षांनी?" तो विषय तिथे संपला.

शोभाने फ्रिजवर साठ चौकोनांचा कागद लावला. ईशाने तो फाडला. शोभाने दुसरा लावला. "आय ॲम नॉट गोइंग," असं ईशा दर दोन दिवसांनी सांगायची.

मी कामाला लागले. त्याचा बायोडेटा पुन्हा लिहिला, ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. मुलाखती येऊ लागल्या. कॉम्प्युटरवरची परीक्षा तो दर वेळी पास व्हायचा. शेवटची फेरी नुसत्या बोलण्याची असते, तिथे तो पडायचा. तीनदा असं झालं. बावीस दिवस गेले होते. मी ठरवलं की हा दुरुस्त करता येण्यासारखा दोष आहे, आणि रविवारी सकाळी त्याला जेवणाच्या टेबलाशी माझ्यासमोर बसवलं.

"समज, मी मुलाखत घेते आहे. हाउ वॉज युअर वीकेंड?"

"गुड."

"पुढे?"

"व्हेरी गुड."

"संपत, काय केलंस ते सांगायचं असतं."

"शनिवारी बँडची तालीम होती."

"ते नाही सांगायचं."

"मग मी काय केलं?"

"हायकिंग."

"मी हायकिंगला कधी गेलो नाही मॅडम."

"मग जाऊन ये. आणि इथल्या कॉलेजचं फुटबॉल बघ. निदान कोण जिंकलं ते पाठ कर."

दोन्ही जुने विषय मी बंद केले. हवेबद्दल बोललास तर रडका वाटशील, वेल्श ब्रास बँडबद्दल बोललास तर विचित्र वाटशील, असं स्पष्ट सांगितलं. तिसरं कारण माझ्या मनात होतं, ते सांगितलं नाही. बँड निघाला की पुढचा प्रश्न येणार, कुठे शिकलात. मग मिरज, लाल कोट, मागचं अंगण. मी समजत होते की त्या प्रश्नापासून मी त्याला वाचवते आहे. पण मुलाखत घेणाऱ्या कुणाला मिरजही ठाऊक नव्हतं आणि वायदंडे म्हणजे कोण हेही. ते ठाऊक होतं मला. ज्या वर्गाने तोंडाने बँड वाजवला त्या वर्गात मीही बसले असते, कदाचित वाजवला नसता, पण थांबवलाही नसता.

तो खरोखर हायकिंगला गेला. पुढच्या रविवारी बुटांना चिखल घेऊन आला. भर पावसात एकटा गावामागचा डोंगर चढून उतरला होता.

"काय पाहिलंस?" मी विचारलं.

"काही नाही मॅडम. धुकं होतं. ड्रिअरी..." आणि थांबला.

"वरून दरी फार सुंदर दिसते, असं म्हणायचं."

त्याने वहीत लिहून घेतलं.

तयारीला वेळ हवा म्हणून शनिवारची तालीम त्याने सोडली. ती सोड असं मी म्हटलं नव्हतं. राहू दे, असंही म्हटलं नाही. ग्विलिमचा मला फोन आला. हवेबद्दल बराच वेळ बोलला, मग म्हणाला, माझ्याकडे युफोनियम वाजवणारा एकच आहे. मी म्हटलं, काही आठवड्यांचा प्रश्न आहे. तो म्हणाला, माझ्या वयाला तसं सांगू नका.

सत्तेचाळिसाव्या दिवशी पिट्सबर्गच्या एका कंपनीने समोरासमोर भेटायला बोलावलं. या जागेची सगळ्यांत जास्त आशा होती. परीक्षेत तो पहिला आला होता, कागद आठवड्यात दाखल करू असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि तिथे माझ्या ओळखीची एक बाई होती. संपतने नवा शर्ट घेतला. मी गळ्याजवळची गुंडी सोडायला लावली.

दोन दिवसांनी नकार आला. मी त्या बाईला फोन केला. ती म्हणाली, आमच्या मॅनेजरला तो हवा होता, खरंच हवा होता. त्या दिवशी पाऊस असा काचेवर आपटत होता. मॅनेजरने खिडकीबाहेर पाहून म्हटलं, काय भिकार हवा आहे. तर तुमचा माणूस म्हणाला, मला हायकिंग आवडतं. मॅनेजर हसला, म्हणाला, या असल्या हवेत? तो म्हणाला, वरून दरी फार सुंदर दिसते. मी फुटबॉलही बघतो.

"मॅनेजरने दोनदा हवेचा विषय काढला," ती म्हणाली. "सगळ्यांशीच काढतो. त्यावरून कळतं ना, याच्या शेजारी बसून काम करता येईल का. पण हा पाठ केलेलं बोलत होता. माणूस हाती लागला नाही, असं तो म्हणाला."

मी हे संपतला कसं सांगावं याचा विचार करत त्याच्या घरी गेले. ग्विलिमच्या घराबाहेर तो पानं गोळा करत होता. भाडेकरूने करायचं काम नव्हे ते. मला पाहून थांबला.

"मॅडम, त्यांनी हवेचं विचारलं होतं," तो म्हणाला. "मला येत होतं उत्तर."

"मग दिलं का नाहीस?"

"तुम्ही बंद केलं होतं ना."

रागाने नाही म्हणाला. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, आता दोन्ही विषय उघडे, हवं ते बोल. तो "हो मॅडम" म्हणाला आणि पुन्हा पानं ओढायला लागला. ओली पानं दाताळ्याला चिकटत होती आणि तो प्रत्येक खेपेला ती हाताने सोडवत होता.

उरलेल्या दिवसांत त्याने चार कंपन्यांशी बोलून घेतलं. मी रोज फोन करायची, तो रोज एकच सांगायचा, बोलणं बरं झालं. खरंच बरं झालं असावं, कारण एका कंपनीने होकारही दिला. फक्त जानेवारीपासून. आधी कागद करता येणार नाहीत म्हणाले. मी त्यांच्या ऑफिसात स्वतः फोन करून भांडले, वकिलाला भांडायला लावलं, एका वरिष्ठाला इतकं सुनावलं की त्याने फोन ठेवला. पंचावन्नाव्या दिवशी संपतने तिकिटं काढली. ईशाने दुसरा कागद फाडला नाही. तिने उरलेले चौकोन स्वतःच खोडले.

निघण्याच्या आदल्या शनिवारी मी त्याला तालमीला नेलं, कारण त्याची गाडी विकली गेली होती. वाद्य बँडच्या मालकीचं, ते परत करायचं होतं. चौदाचे आता बारा झाले होते. त्यांनी ते खाणीतलं गाणं घेतलं. मधे युफोनियम एकटं जातं तिथे संपत एकदा चुकला आणि ग्विलिमने हात खाली केला. मग पुन्हा पहिल्यापासून घेतलं. या वेळी तो शेवटपर्यंत गेला.

सगळे गेल्यावर संपतने वाद्य पुसलं, पेटीत ठेवलं, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या. दोघं पायऱ्यांपाशी उभे राहिले. बाहेर पाऊस.

"ड्रिअरी ओल्ड डे," ग्विलिम म्हणाला.

"ड्रिअरी," संपत म्हणाला.

"तिकडे आत्ता कशी असेल हवा?"

"कोरडी. ऊन."

"अरेरे," म्हातारा म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. "असे दिवस नसतातच का तुमच्याकडे?"

"असतात. जूननंतर."

"म्हणजे जूनपर्यंत थांबावं लागेल तुला."

"हो."

"दिवसच्या दिवस पडतो का?"

"तिकडे घाट आहेत, तिथे पडतो."

घाटातल्या पावसावर ते बरंच बोलले. पाऊस तिरका पडतो का सरळ, छत्री उलटते का, खाणीपाशी साचतो तसं पाणी साचतं का. मी एकदा घड्याळ पाहिलं, मग गाडीत जाऊन बसले. काचेतून दोघं दिसत होते. शेवटी म्हाताऱ्याने पेटीच्या कड्या पुन्हा उघडल्या, वाद्याला ओठ लावतात ती चांदीच्या रंगाची वाटी, माउथपीस, पिरगाळून काढली आणि संपतच्या कोटाच्या खिशात टाकली. दोघांनी हातसुद्धा मिळवला नाही.

गाडीत संपत म्हणाला, "नुसत्या माउथपीसने काय वाजणार मॅडम."

"मिरजेत घे एखादं वाद्य," मी म्हटलं. "वडिलांचं असेल ना?"

"वडिलांनी विकलं सगळं. आता डीजे असतो."

वॉशिंग्टनच्या विमानतळावर मीच सोडलं. चार तासांचा रस्ता, सगळा पावसात. शोभा मागे डोळे मिटून बसली होती, झोपलेली नव्हती. ईशाने पूर्ण वेळ कानात हेडफोन ठेवले. उतरताना मला म्हणाली, "थँक्स फॉर ड्रायव्हिंग, मावशी." मावशी हा त्यातला एकच मराठी शब्द, पण तो तिने व्यवस्थित म्हटला.

मी दोरीच्या अलीकडे उभी राहिले. तपासणीची रांग लांब होती. शोभा आणि ईशा पलीकडे जाऊन बूट घालायला लागल्या. संपतची हातातली बॅग मशीनने बाजूला काढली. तपासणाऱ्या बाईने हातमोजे घालून ती उघडली आणि ती चांदीची वाटी वर धरून त्याला काहीतरी विचारलं.

मधे काच होती, आवाज येत नव्हता. पण दिसत होतं. संपतने डावा हात मांडीवर मूल घ्यावं तसा वळवला. उजवा हात वर नेला, तीन बोटं हलवली. गाल फुगवून दाखवले. बाई हसली. त्याने मोठ्या काचेबाहेरच्या पावसाकडे बोट केलं, तीही वळून पाऊस बघत काहीतरी म्हणाली. मग तो पुन्हा बोलू लागला. छातीवर हात ठेवला, म्हणजे खाणीतली धूळ चालू होती. कोटाची बाही ओढून दाखवली, म्हणजे कोटाचे रंग. मागची रांग तुंबली. ईशा येऊन त्याचं जॅकेट ओढत होती. तो थांबला नाही, अडखळला नाही, आणि ती बाई ऐकत राहिली.

मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं. मुलाखतीत अशा गप्पांना तीन पुरतात.

त्या बाईपाशी त्याला देण्यासारखं काही नव्हतं. तिच्या हातात ती वाटी होती, तेवढी तिने त्याला परत दिली.